हिमीची मुकी

कुनिए हिगाशिदे ही तोयामा शहराच्या कडेला असलेल्या एका औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात कामाला होती. दोन वर्षांचं कॉलेज आटोपून ती तिथं लागली, तेव्हा तिच्या केसांना वेणी होती. आता केस आखूड होते आणि कानांवर पांढरे झाले होते. जिवाणू विभागात तिच्याइतकं जुनं माणूस दुसरं नव्हतं. ती वेळेवर येई, कुणाशी भांडत नसे, कुणाच्या बढतीनं तिच्या कपाळाला आठी पडत नसे. मत्सर हा आपला प्रांतच नाही, असं तिला मनापासून वाटत होतं. चिनात्सु किशिगामी येईपर्यंत तसं वाटायला काही हरकतही नव्हती.

त्या कंपनीत एक जुनी रीत होती. लग्नाला जा, मयताला जा, गरम पाण्याच्या झऱ्यावर न्हायला जा, परत येताना चमचाभर माती आणायची. प्रत्येकाच्या पिशवीत एक छोटी प्लास्टिकची थैली असायचीच. देवळाच्या पायरीखालची माती, गोल्फच्या मैदानाची माती, सासऱ्याच्या मुळ्याच्या वाफ्यातली माती. सगळी विभागात यायची आणि कुनिए ती पाण्यात कालवून काचेच्या चपट्या बशांत पसरायची. त्या मातीत जे जिवाणू असतात त्यांच्यातलेच काही औषधं बनवतात. त्यांचं ते बनवणं जगण्यापुरतं नसतं. खाणंपिणं, वाढणं, पिलावळ करणं यांसाठी त्यांना त्या रसायनांची काही गरज नाही. पण अन्न संपत आलं, शेजारी अंगावर यायला लागले, की हे आपल्याभोवती असं काही सोडतात की शेजारी मरतो. माणसाला हवं असतं ते तेच.

आईचं वर्षश्राद्ध होतं तेव्हा कुनिए माहेरी हिमीला गेली होती. हिमी म्हणजे समुद्रकाठचं गाव, हिवाळ्यात बुरी माशासाठी सगळा देश ज्याचं नाव घेतो ते. घरामागं बांबूचं बन होतं. आई तिथं कोवळे कोंब खणायला जायची. कुनिएनं नेमकी तिथली माती आणली, आणि त्या मातीतून एक राखी रंगाचा, पिठासारखा भुरभुरीत जिवाणू निघाला. त्याच्या बशीचं झाकण उघडलं की ओल्या जमिनीचा असा वास यायचा की डोळे मिटले तर आपण बांबूच्या बनात उभे आहोत असं वाटावं. मातीला जो वास येतो तो मातीचा नसतोच मुळी, या जिवाणूंचा असतो. पण हिच्याइतका वास कुणालाच नव्हता. कुनिए तिला मनातल्या मनात ‘ती’च म्हणायची.

वास होता, रूप होतं, वाढही जोमदार होती. फक्त औषध काही बनत नव्हतं. पू करणारे जिवाणू शेजारी लावले तर ते खुशाल हिच्या अंगाला अंग लावून वाढत. कुनिएनं तिला सोयाबीनचं पीठ घालून बघितलं. नवरा तेत्सुजी माशांच्या वड्यांच्या कारखान्यात होता, तिथून माशांचा चुरा आणून घातला. अतिनील दिव्याखाली धरून बघितलं. काही नाही. विभागप्रमुख मुकाईसाननी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, “हिगाशिदेसान, तुमची ही लेक मुकी आहे.” तेव्हापासून तिचं नाव मुकी पडलं. बाकीचे विसरून गेले, कुनिए मात्र दर वर्षी तिला शीतपेटीतून काढून ताज्या बशीवर लावायची, वास घ्यायची आणि परत ठेवायची.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, एप्रिलच्या भरतीत, चिनात्सु किशिगामी आली. ओसाकाची, तिशीच्या आतली, डॉक्टरेट झालेली. पहिल्याच दिवशी ती बाहेरचे बूट घालून प्रयोगशाळेत शिरली, आणि कुनिएनं पायांकडे बघितल्यावर इतक्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या खोलीतून दोघं डोकावले. विभागात सगळे एकमेकांना आडनावानं, पुढं आदराचं ‘सान’ लावून, हाक मारत. चिनात्सुनं आठवड्याच्या आत कुनिएला ‘कुनिएसान’ करून टाकलं. कुनिएनं मात्र ‘किशिगामीसान’ सोडलं नाही. आपण दाराची कडी लावावी आणि समोरच्यानं खिडकीतून आत यावं, असं काहीसं ते चाललं होतं.

एके दिवशी चिनात्सु तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“कुनिएसान, तुमच्याकडे टाकाऊ काय काय आहे?”

“टाकाऊ म्हणजे?”

“ज्यांनी आजवर काहीच दिलं नाही असे जिवाणू. वाया गेलेले.”

“वाया गेलेलं आम्ही ठेवत नाही, किशिगामीसान. जागा कमी पडते.”

“मग शीतपेटीचे ते खालचे कप्पे कशानं भरलेत? आइस्क्रीम आहे का?”

कुनिएला हसू आलं नाही. “कशाला हवेत तुम्हाला?”

चिनात्सु तिथंच खुर्ची ओढून बसली. “एका परिषदेत ऐकलं मी. या जिवाणूंना स्ट्रेप्टोमायसिन घालायचं. ते औषध जाऊन बसतं कुठं, तर रायबोसोमवर. म्हणजे पेशीची प्रथिनं जिथं बनतात त्या भटारखान्यातच. चुली बंद, पेशी मेली. कोट्यवधी मरतात. पण त्यांत एखाददुसरा असा निघतो की ज्याच्या रायबोसोममध्ये जन्मतःच बारीकसा बदल झालेला असतो, आणि औषधाला तिथं बसायला जागाच मिळत नाही. तो जगतो.”

“ते ठाऊक आहे मला. औषधाला दाद न देणारे तसेच तयार होतात.”

“हो, पण पुढं ऐका ना! त्या वाचलेल्यांतल्या काहींचा भटारखाना आधीपेक्षा जोरात चालायला लागतो. अन्न संपलं, बाकीच्यांनी चुली विझवल्या, तरी यांच्या पेटलेल्याच. आणि मग जे पदार्थ त्यांनी आयुष्यात कधी रांधले नाहीत ते रांधायला लागतात. कृती पोटात होतीच, नुसती झाकून ठेवलेली.”

“म्हणजे माझ्या जिवाणूंना तुम्ही विष घालणार.”

“घालणार,” चिनात्सु आनंदानं म्हणाली. “मरतील ते मरतील. उरतील त्यांच्याशी गप्पा मारू.”

कुनिए उठली. शीतपेटीतून तिनं दहाबारा नळ्या काढून दिल्या. मुकीच्या नळीशी तिचा हात थांबला. मग तीही तिनं वर ठेवली. “ही घ्या. हिच्याशी गप्पा मारून दाखवा. मी दहा वर्षं मारतेय.”

असं म्हणताना तिला बरं वाटलं होतं, हे नंतर तिला फार लागलं.

*

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी चिनात्सु ओरडली. प्रयोगशाळेत ओरडतात ते काही फुटलं तर. म्हणून सगळे धावले. काही फुटलेलं नव्हतं. तिच्या हातात एक बशी होती. बशीभर पुवाचे जिवाणू दुधाच्या सायीसारखे पसरले होते. रुग्णालयांत ज्यांच्यापुढं नेहमीची औषधं हात टेकतात त्या जातीचे. आणि मध्यावर एक राखी ठिपका. त्या ठिपक्याभोवती साय नव्हती. काचेसारखं स्वच्छ, गोल, रिकामं कडं होतं.

“आधीचं स्ट्रेप्टोमायसिन उरलं नसेल कशावरून?” मुकाईसाननी विचारलं.

“औषधाविनाच्या बशीवर पाच वेळा लावून मग इथं आणलंय. आणि या पुवाला स्ट्रेप्टोमायसिन चढतच नाही. हे हिचं स्वतःचं आहे.” मग ती वळली. “कुनिएसान! तुमची मुकी बोलली!”

सगळ्यांनी कुनिएकडे बघितलं. कुनिए झुकली आणि म्हणाली, “अभिनंदन.” मग चहाच्या खोलीत जाऊन तिनं स्वच्छ धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. पलीकडून मुकाईसानचं हसणं ऐकू येत होतं. तो माणूस असा हसू शकतो हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

रात्री जेवताना तेत्सुजीनं विचारलं, “काय गं, मासा खारट झालाय का? तोंड का असं?”

“मुकीनं औषध बनवलं.”

“अरे वा! मग चांगलंच झालं की.”

“काय चांगलं?”

“तुझीच ना ती? तुझ्या आईच्या बांबूतली.”

“माझ्याकडे दहा वर्षं तोंड शिवून बसली होती. पीठ घातलं, मासे घातले, उन्हाळ्यात एसी बंद पडला तर उरावर घेऊन बसले. आणि ती बाई ओसाकाहून येते काय, विष घालते काय, आणि ही लागली पोपटासारखी बोलायला!”

तेत्सुजीनं मुळ्याचा तुकडा तोंडात टाकला. “आमच्याकडेही काही लोक शिव्या घातल्याशिवाय हलत नाहीत.”

“तुम्ही गप्प बसा.”

“बसतो. पण मला एक सांग, राग त्या बाईचा आलाय की मुकीचा?”

कुनिएनं भांडी गोळा केली. खरं म्हणजे तिला दोघींचाही आला होता, आणि मुकीचा जरा जास्त.

त्या दिवसापासून तिच्या पोटात काहीतरी येऊन बसलं. सकाळी केंद्राच्या फाटकाशी चिनात्सुची सायकल दिसली की ते वळवळायचं. चिनात्सु बर्नर चालू ठेवून जेवायला गेली, हे कुनिएला दिसायचं. चिनात्सुचे केस टोपीबाहेर लोंबतात, हे दिसायचं. तिच्या नळ्यांवरची अक्षरं कोंबडीच्या पायासारखी, हे दिसायचं. इतकी बेशिस्त बाई, आणि हिच्या हाताला यश! आपण वर्षानुवर्षं नखं तासून, केस बांधून, श्वास आवरून काम केलं ते काय मग?

सगळ्यांत वाईट गोष्ट ही की चिनात्सु वाईट नव्हती. वर्षअखेरीच्या जेवणात मुकाईसान पेला उंचावून किशिगामीसानचं कौतुक करायला लागले, तर तिनं त्यांना मध्येच थांबवलं. लाल झालेल्या चेहऱ्यानं ती टेबलाला वळसा घालून आली, कुनिएला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाली, “हिची आई ही आहे! मी नुसती शाळेतली मास्तरीण!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुनिए हसली, झुकली, पेला ओठाला लावला. ती बिअर घशाखाली उतरवणं तिला जड गेलं. हिसकावून घेतलेलं परत मिळालं असतं तर गोष्ट वेगळी. हे तर दान होतं. आपलंच आपल्याला दान, आणि वर टाळ्या.

*

नव्या वर्षाच्या पहिल्या बैठकीत, मोठ्या टाकीत मुकीची नवी जात वाढवायची का, यावर बोलणं चाललं होतं. मुकाईसाननी रिवाज म्हणून विचारलं, “कुणाला काही म्हणायचंय?” कुणी कधी काही म्हणत नसे.

“मला म्हणायचंय,” कुनिए म्हणाली.

मुकाईसाननी हातातला कागद खाली ठेवला.

“ही मुकी नसेल. प्रयोगशाळेत राखी जिवाणू खूप आहेत. हवेतून एखादा किशिगामीसानच्या बशीत पडला असेल. जो स्ट्रेप्टोमायसिनला आधीपासूनच दाद देत नाही आणि औषधही आधीपासूनच बनवतो, असा कुठलातरी. विष घातल्यावर मुकी मेली आणि तो उरला. एवढंच झालं असेल. किशिगामीसानच्या टेबलावर... फार काटेकोरपणा असतो असं नाही.”

हे शेवटचं वाक्य म्हणायची गरज नव्हती. ते तिनं घरून ठरवून आणलं होतं.

चिनात्सुचा चेहरा पांढरा पडला. तिनं खाली बघितलं, आपले हात बघितले. मग म्हणाली, “शक्य आहे. माझा हात कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. आधी तपासायलाच हवं.”

“तपासणार कोण?” मुकाईसान वैतागून म्हणाले.

“कुनिएसाननीच तपासावं. तिला त्यांच्याइतकं कोण ओळखतं?”

पुन्हा तेच. या बाईला खाली ओढायला जावं तर ती आपण होऊन बाजूला सरकून जागा करून देई, आणि आपणच तोंडघशी पडल्यासारखं होई.

कुनिएनं काम हाती घेतलं. एका बाजूला जुनी मुकी, एका बाजूला चिनात्सुची नवी. दोघींना वेगवेगळ्या साखरा घालून बघितल्या: जी एकीला आवडेना ती दुसरीलाही आवडेना. बशीच्या खालून बघितलं तर दोघींची बुडं जांभळट. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंच्या माळा बघितल्या: दोन्हीकडे तशाच पिळाच्या. प्रत्येक वेळी कुनिए मनात म्हणायची, या खेपेला तरी वेगळी नीघ. आणि प्रत्येक वेळी मुकी तिच्या विरुद्ध साक्ष द्यायची. झाकण उघडून तिनं नवीचा वास घेतला. बांबूचं बन. तिनं झाकण आपटून लावलं.

आता एकच राहिलं होतं: जनुकांतली अक्षरं वाचणं. ते यंत्र क्योतोच्या मुख्य प्रयोगशाळेत होतं. दोघींचा डीएनए दोन नळ्यांत भरून तिकडं पाठवायचा, आणि तिथून जे येईल तो शेवटचा शब्द.

नळ्या पाठवायच्या त्या सकाळी बर्फ असा पडला की फाटकच दिसेना. केंद्रातले झाडून सगळे फावडी घेऊन बाहेर गेले. पार्सल नेणारी गाडी दुपारी आली तर तिला वाट हवी होती. कुनिए कंबर दुखते म्हणून मागं राहिली. कंबर खरंच दुखत होती. पण ती नेहमीच दुखायची.

प्रयोगशाळेत यंत्रांची घरघर सोडली तर आवाज नव्हता. तिच्यासमोर रॅकमध्ये तीन नळ्या होत्या. एक जुन्या मुकीची. एक नव्या मुकीची. आणि तिसरी तिनं पहाटे उठल्यापासून मनात घोळवलेली आणि आल्या आल्या तयार केलेली: कानाझावाच्या गोल्फ मैदानावरून आलेल्या एका राखी जिवाणूची. दिसायला थेट मुकीची बहीण. ही तिसरी ‘नवी मुकी’ म्हणून पाठवली तर क्योतोहून उत्तर येईल, की या दोघी एक नाहीत. किशिगामीसानच्या बशीत बाहेरचं काहीतरी पडलं. संपलं. कुणी पुन्हा तपासणार नाही, कारण तपासणारी ती स्वतः होती.

तिनं चिठ्ठी लिहून नळीला चिकटवली. ‘नवी.’ तिचं अक्षर सुरेख होतं.

खिडकीबाहेर चिनात्सु फावडं उलटं धरून उभी होती. ओसाकाच्या माणसाला बर्फाचं काय कळणार. मुकाईसान तिला कसं धरायचं ते दाखवत होते. ती घसरली, बुडावर आपटली आणि तशीच बसून हसायला लागली, तेही हसले. कुनिए खिडकीपासून वळली. तिनं जुनीबरोबर ती नळी पार्सलच्या डब्यात टाकली. झाकण लावलं. चिकटपट्टीचं टोक शोधायला लागली.

टोक सापडत नव्हतं. नखानं खरवडता खरवडता तिच्या डोक्यात आलं ते असं: उत्तर येईल की या दोघी एक नाहीत. म्हणजे जिनं औषध बनवलं ती मुकी नाही. मग ती कुणाची? कुणाचीच नाही. वाऱ्यावरून आलेली. आणि मुकी? मुकी मुकीच. वाचा फुटलीच नाही तिला. कुणीतरी पुन्हा म्हणेल, हिगाशिदेसान, तुमची लेक... आणि हिमीच्या बांबूबनात, आई जिथं कोंब खणायची तिथं, कधीच काही नव्हतं.

चिनात्सुचं यश गेलं तर जाऊ दे. पण त्याच्याबरोबर आपलं जातं ते? त्या औषधातला बांबूबनाएवढा वाटा आपला होता. तो आपणच उठून गोल्फच्या मैदानाला द्यायचा?

तिनं झाकण उघडलं. तिसरी नळी काढून तिच्यावरची चिठ्ठी फाडली, नळी कचऱ्यात टाकली, आणि खरी नवी मुकी डब्यात ठेवली. हे तिनं चांगुलपणानं केलं असं तिला त्या वेळीही वाटलं नाही आणि नंतरही कधी वाटलं नाही. हाव होती ती. मत्सराहून थोडी मोठी हाव, एवढंच.

क्योतोहून उत्तर आलं तेव्हा बर्फ रस्त्याच्या कडेला काळा पडला होता. बैठकीत ते कुनिएनंच वाचून दाखवायचं होतं. तिनं वाचलं. दोघी एकच आहेत. वाचलेली सगळी अक्षरं सारखी. फरक एकाच ठिकाणी: रायबोसोममधल्या एका प्रथिनाच्या जनुकात, एक अक्षर बदललेलं. बाकी काही नाही.

“एक अक्षर!” मुकाईसान म्हणाले.

चिनात्सुनं दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि सगळ्यांदेखत रडली. आपणच वाचलेल्या कागदानं या बाईचं यश पक्कं झालं, हे कुनिए खुर्चीवर बसता बसता नीट समजून घेत होती. आता कुणी शंकाही घेऊ शकणार नव्हतं. खुद्द हिगाशिदेसाननी तपासलं होतं.

दुपारी व्हरांड्यात चिनात्सुनं तिला गाठलं. डोळे सुजले होते.

“महिनाभर झोप नव्हती मला. तुम्ही म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, असेलच तसं.”

“मलाही तसं वाटत होतं.”

“वाटत नव्हतं,” चिनात्सु शांतपणे म्हणाली. “तुम्हाला तसं हवं होतं.”

कुनिए अंगातल्या कोटाची गुंडी लावायला लागली.

“ओसाकाला माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचा प्रयोग जमला की मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला लाथा मारायची. एकदा तर पायाचं बोट मोडलं. पोटात कुठं दुखतं ते मला माहीत आहे, कुनिएसान. इथं.” तिनं बरगडीखाली बोट टेकवलं. “उसाची मळी ओतल्यासारखं, नाही का?”

आणि ती गेली.

कुनिए आपल्या टेबलाशी परतली. तिला लाज वाटायला हवी होती, थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त संताप आला. ज्या दुखण्याला तिनं कसंबसं नाव दिलं होतं, तेसुद्धा या बाईनं तिच्या आधीच भोगून, बोट मोडून, हसण्यावारी नेऊन संपवलं होतं. तिच्या बरगडीखालची नेमकी जागासुद्धा या बाईला ठाऊक होती!

*

पुढं जे झालं ते औषधांच्या धंद्यात नेहमी होतं ते. मोठ्या टाकीत मुकी भरभरून बोलली. तिचं औषध गाळून, शुद्ध करून उंदरांना दिलं. पू बरा झाला आणि मूत्रपिंडं बिघडली. वर्ष-दीड वर्ष धडपड करून कंपनीनं ते काम बंद केलं. पेटंटाच्या कागदावर चिनात्सुचं नाव पहिलं आणि कुनिएचं दुसरं होतं. तो कागद कपाटात गेला.

काम बंद झाल्याचं कळलं तेव्हा कुनिएनं चिनात्सुच्या चेहऱ्याकडे बघितलं. बघायचंच होतं तिला. चिनात्सुनं एक सुस्कारा सोडला, म्हणाली, “चला, कुणी नूडल्स खायला येतंय का?” आणि कोट चढवला. कुनिए त्या रात्री तेत्सुजीला म्हणाली, “दीड वर्षाचं काम पाण्यात गेलं तर ही बाई नूडल्स खायला जाते. माझं गेलं असतं तर मी आठवडाभर उठले नसते.”

“म्हणजे आता तिच्या अपयशावरही जळतेस तू?”

“अपयशावर नाही. तिला ते सोसतं, त्यावर.”

चिनात्सुला साप्पोरोच्या विद्यापीठात जागा मिळाली. निरोपाच्या दिवशी तिनं विभागातल्या सगळ्यांना ओसाकाची बिस्किटं वाटली आणि कुनिएला घट्ट मिठी मारली, जशी तिथं कुणी कुणाला मारत नाही. कुनिए लाकडासारखी उभी राहिली. ती गेली तेव्हा हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण फाटकाशी सायकल नाही हे रोज दिसायला लागलं, आणि कुणाच्या चुका बघाव्यात ते कळेना.

मग एक दिवस तिनं शीतपेटीचे खालचे कप्पे पुन्हा उघडले. त्यातले बरेचसे चिनात्सुनं नेले नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सगळेच वापरायला लागले होते. कुनिएनं दुसरं औषध घेतलं, क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन. ते रायबोसोमला हात लावत नाही. जनुकांची नक्कल करणारं जे यंत्र पेशीत असतं त्याची वाट अडवतं. तिथं बदल झालेले वाचतात, आणि त्यांच्यातही काहींची झाकलेली कृती उघडी पडते. ती बशांमागून बशा लावत राहिली. मरणारे मरत होते. उरणारे बहुतेक मुकेच होते. पहिला हिवाळा असाच गेला. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर, तेत्सुजीच्या काकांच्या पेरबागेतून आणलेल्या मातीतल्या एका कुरूप, चिवट, पिवळट जिवाणूभोवती तिला एक कडं दिसलं. लहान होतं. पण सायीत भोक पाडल्यासारखं स्पष्ट.

ती ओरडली नाही. तिनं बशी खाली ठेवली, खिडकीशी जाऊन आली, पुन्हा बघितलं. कडं होतं. मुकाईसान पलीकडच्या खोलीतच बसले होते. त्यांना सांगायच्या आधी ती टेलिफोनपाशी गेली आणि साप्पोरोचा नंबर फिरवला.

“कुनिएसान!” चिनात्सुचा आवाज तसाच, कानात घुसणारा. “काय, हिमीचा मासा पाठवताय का?”

“पाठवीन. एक सांगायचं होतं. पेरबागेतला एक आहे. पिवळा. रिफाम्पिसिनवर वाचलेला. पुवाच्या जिवाणूंना मारतोय.”

पलीकडून काहीच आलं नाही.

फार वेळ नाही. आवंढा गिळायला लागतो तेवढाच. पण कुनिए त्या शांततेचा कण नि कण ऐकत होती. रिसीव्हर तिनं कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

“रिफाम्पिसिन,” मग चिनात्सु म्हणाली. आवाज एक पायरी खाली आला होता. “मी इथं वर्षभर स्ट्रेप्टोमायसिनच घालत बसलेय. कप्पाभर जिवाणू मारले. एक बोलला नाही.”

“असं का.”

“पेरबाग म्हणजे... तो खालच्या कप्प्यातला? मळकट?”

“तोच.”

“मी त्याला दोनदा हातात घेऊन परत ठेवलं होतं. इतका घाणेरडा दिसायचा. कडं केवढं आहे?”

“मोठं आहे,” कुनिए म्हणाली. ते तितकं मोठं नव्हतं.

“छान. छानच झालं.” आणि मग, न राहवून: “कुनिएसान, खरं सांगू? आज मला झोप लागायची नाही.”

“लागेल,” कुनिए म्हणाली. “कोमट दूध प्या.”

चिनात्सु अशी खदखदून हसली की कुनिएला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. “दुष्ट बाई!” ती तिकडून ओरडत होती. “पोटात दुखतंय माझ्या! कुठं ते विचारू नका!”

“विचारत नाही,” कुनिए म्हणाली. “थांबा, मुकाईसानना सांगून येते. मग सगळं नीट सांगते, चिनात्सुसान.”

त्या संध्याकाळी घरी तिनं दोनदा भात वाढून घेतला. तेत्सुजी बघत होता. “काय गं, त्या ओसाकावालीचं काही वाईट झालं की काय?”

“छे,” कुनिए म्हणाली, “चांगली आहे ती. माझ्यावर जळतेय.” आणि तिनं लोणच्याची वाटी पुढं ओढली.